पांबनचा पूल आणि खारें वारें

काशीची गंगा रामेश्वरास न्यावयाची आणि सेतूची वाळू आणून प्रयागीं त्रिवेणींत सोडावयाची, हा क्रम आपल्या घराण्यांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. आमच्या देव्हाऱ्यांतील एका लहानशा पितळी डबींत अशी चिमूटभर वाळू अद्यापि आहे. ती आमच्या आजीनें आणलेली. तिच्या यात्रेच्या गोष्टींत देवळाच्या लांबलचक ओवऱ्या येत, बावीस तीर्थांचीं स्नानें येत. परंतु सर्वांत अधिक वेळ ती घेई तो आगगाडीनें समुद्र ओलांडला त्या वर्णनास. गाडी पुलावर आली कीं डब्यांतील बोलणें आपोआप थांबे, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाण्यावांचून दुसरें कांहीं दिसत नसे, आणि कोणीतरी रामनाम सुरू करी तें पलीकडची जमीन लागेपर्यंत चाले. "पूल कसला मेला, खांबांवर आडवी टाकलेली शिडी ती!" असें ती शेवटीं म्हणे.

लहानपणीं ही उपमा मला भाबडी वाटे. पुढें शाळेंतून निवृत्त झाल्यावर, वेळ मोकळा असल्यामुळें, पुलांविषयीं थोडेंफार वाचन घडलें आणि आजीचें बोलणें किती नेमकें होतें तें उमगलें. पांबनच्या पुलाचे लोखंडी गाळे खरोखरच शिडीप्रमाणें खांबांवर टेकविलेले होते. ते तेथें राहात ते मुख्यतः स्वतःच्या वजनानें. आणि समुद्रावरील जुन्या पुलांचा पुष्कळसा इतिहास या एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

हा पूल दक्षिण भारत रेल्वे कंपनीनें बांधला. काम १९११ सालीं सुरू झालें व २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं पुलावरून रहदारी सुरू झाली. मुख्य भूमि आणि रामेश्वरचें बेट यांमधील सुमारें दोन किलोमीटर रुंदीची धुनी त्यानें ओलांडली. कंपनीची दृष्टि अर्थात् यात्रेकरूंपेक्षां सिंहलद्वीपाच्या व्यापारावर अधिक होती. बेटाच्या पूर्व टोंकाला धनुष्कोडी. तेथवर आगगाडी जाई, आणि पुढें आगबोटीनें उतारू लंकेंतील तलैमन्नार बंदरास उतरत. मद्रासेहून कोलंबोचें तिकीट काढून माणूस निघे. पुलाला ४० फुटांचे १४५ गाळे, आणि जहाजांना वाट देण्यासाठीं मध्यें एक उघडणारा गाळा. हा उघडणारा गाळा शेर्झर नांवाच्या अमेरिकन इंजिनीयरानें शोधलेल्या पद्धतीचा होता: दोन पाती, प्रत्येक आपापल्या बाजूस झुलत्या खुर्चीसारखें मागें कलतें. तें कलविण्यास यंत्र नव्हतें. माणसें दांडे धरून दंतचक्रें फिरवीत आणि शेंकडों टनांचें लोखंड हळूहळू आकाशाकडे उभें राही.

पन्नास वर्षें हें ठीक चाललें. नंतर १९६४ च्या डिसेंबरची २२ तारीख उजाडली.

त्या रात्रीं लंका ओलांडून आलेलें चक्रीवादळ धनुष्कोडीवर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक होता आणि समुद्र गांवावर चालून आला. पांबनहून धनुष्कोडीस निघालेली ६५३ क्रमांकाची उतारूंची गाडी स्टेशनाच्या अगदीं जवळ आली असतां लाटेखालीं गेली. तींत शंभराहून अधिक माणसें होतीं. एकही वांचलें नाहीं. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांतून "पुलावरून गाडी समुद्रांत पडली" असें सांगतात. आमच्या घरींही वडील मंडळी असेंच सांगत. तें बरोबर नाहीं. गाडी पूल केव्हांच ओलांडून गेली होती. ती बुडाली ती बेटाच्या वाळूवर, धनुष्कोडीच्या वाटेवर. धनुष्कोडी गांव तर समूळ गेलें, आणि तें पुढें राहण्यास अयोग्य म्हणून सरकारनें जाहीर केलें. आगबोटीची वाट तेव्हांपासून बंद पडली.

पुलाचें काय झालें? १४५ गाळ्यांपैकीं १२६ गाळ्यांच्या तुळया समुद्रांत गेल्या. परंतु खांब बहुतेक सर्व उभे राहिले आणि शेर्झरचा तो भला मोठा उघडता गाळाही जागचा हलला नाहीं. म्हणजे आजीच्या शिडीचे टेकू शाबूत राहिले आणि शिडी तेवढी वाहून गेली.

यापुढील हकीकत महशूर आहे. दुरुस्तीस सहा महिन्यांची मुदत ठरली होती. रेल्वेच्या वरिष्ठांनीं ती तीन महिन्यांवर आणली. आणि काम ज्यांच्याकडे सोंपविलें त्या ई. श्रीधरन् नांवाच्या बत्तीस वर्षांच्या इंजिनीयरानें तें ४६ दिवसांत पुरें केलें. कोंकण रेल्वे बांधणारे ते हेच श्रीधरन्. बुडालेल्या तुळया कोठें पडल्या आहेत तें कोळ्यांना ठाऊक होतें. त्यांच्या सांगण्यावरून त्या समुद्राच्या तळावरून उचलून आणल्या आणि पुन्हां खांबांवर चढविल्या. नव्या तुळया घडवीत बसण्याची वेळच आली नाहीं. वाल्मीकींच्या रामायणांत नलाच्या सेतूचा रोजचा हिशेब दिलेला आहे: पहिल्या दिवशीं १४ योजनें, दुसऱ्या दिवशीं २०, मग २१, २२, आणि पांचव्या दिवशीं २३, मिळून १०० योजनें. महाकवीनें कामाच्या प्रगतीचा असा तक्ता द्यावा याचें मला विद्यार्थिदशेपासून कौतुक वाटत आलें आहे. दिवसागणिक काम वाढत जातें तें हात बसत गेल्यामुळें, हेंही त्यांत येतें. पांबनच्या ४६ दिवसांची हकीकत ऐकतांना तो तक्ता आठवतो.

परंतु या ४६ दिवसांचें कौतुक करतांना त्यांतील मर्म निसटूं देऊं नये. दुरुस्ती इतकी लवकर झाली ती खांब वांचले म्हणून. आणि खांब कां वांचले, याचें एक कारण तुळया सुटून गेल्या हें असावें. वादळी लाट पुलाला केवळ बाजूनें धक्का देत नाहीं, ती त्याला खालून उचलते. पाण्यांत बुडालेली वस्तु हलकी होते हें आपण घागर विहिरींत सोडतांना पाहातों. पुलाच्या तुळया पाण्यांत आल्या कीं त्यांचें वजन घटतें, त्यांत लाटेचा खालून तडाखा बसतो, आणि ज्या वजनाच्या जोरावर गाळा खांबावर बसलेला असतो तेंच वजन उणें पडतें. मग बाजूचा धक्का त्यास सहज सरकवितो.

२९ ऑगस्ट २००५ रोजीं अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅट्रिना नांवाचें वादळ आलें तेव्हां हाच प्रकार सिमेंट काँक्रीटच्या पुलांचा झाला. न्यू ऑर्लिन्सजवळील पाँचरट्रेन सरोवरावरचा जोडपूल आणि बिलॉक्सी व सेंट लुई या खाडींवरचे पूल यांचे एकेक गाळे शेंकडों टनांचे. तरीही ते पत्त्यांसारखे विस्कटले. तेथें आणखी एक गोष्ट घडली. काँक्रीटची पाटी वर आणि तिच्याखालीं तुळयांच्या ओळी, अशी रचना असल्यामुळें पाणी चढलें तेव्हां तुळयांच्या मधली हवा पाटीखालीं कोंडली गेली, आणि उपडें घातलेलें पातेलें पाण्यांत दाबून धरावें तसा गाळा वर येऊं पाहूं लागला. पांबनच्या उघड्या लोखंडी तुळयांत हवा कोंडण्याजोगी जागा नव्हती, पण त्या हलक्या होत्या, परिणाम एकच. सरोवरावरचा जुना जोडपूल पाण्यापासून सुमारें ९ फूट उंच होता. त्याच्या जागीं नवा बांधला तो ३० फूट उंचीचा. इंजिनीयरांनीं लाटेशीं झुंजण्याऐवजीं तिला खालून जाण्यास वाट दिली.

नवा पूल बांधतांना हें जमतें. जुना पूल उचलून उंच करतां येत नाहीं असें नाहीं, पण तें फार खर्चाचें काम; तेव्हां जुन्यास काय करावें हा खरा प्रश्न. पाटीला भोंकें पाडून कोंडलेल्या हवेला वाट करून देतां येते. गाळे खांबांशीं साखळदंडांनीं किंवा पोलादी खुंट्यांनीं जखडतां येतात. पण जखडण्यांत एक पेंच आहे, आणि तो मला या विषयांतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. गाळा फार घट्ट बांधला तर लाटेचा सगळा जोर खांबांत उतरतो, आणि खांब मुळांतून हलले तर ४६ दिवस सोडा, ४६ महिनेही पुरणार नाहींत. सैल ठेवला तर पूल जातो, पण पाया राहातो. शिडीचें बरें कीं टेकूचें, हें आधीं ठरवावें लागतें. दोन्ही एकदम वांचविण्याचा हट्ट धरणारा दोन्ही गमावण्याचा संभव असतो.

हें झालें वादळाचें. वादळ पन्नास वर्षांतून एकदां येतें. खारें वारें रोज येतें. माझ्या समजुतीनें समुद्रावरील पुलांना मारतें तें दुसरें. वादळ तर शेवटचा धक्का देण्यास येतें.

कोंकणांत राहिलेल्या गृहिणींना हें सांगावयास नको. तव्याला तेलाचें बोट लावून ठेवलें नाहीं तर चार दिवसांत तो तांबडा पडतो, आणि लोणच्याच्या बरणीला लोखंडी झांकण कोणी घालीत नाहीं. पांबन हें तर अमेरिकेंतील मायामीच्या खालोखाल लोखंड गंजविणारें ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. येथें जुन्या पुलाच्या लोखंडाला सतत रंग द्यावा लागे. एका टोंकापासून रंगवीत दुसऱ्या टोंकास पोंचावें तों पहिलें टोंक पुन्हां मागणी करीत असे. शंभर वर्षें तो पूल उभा राहिला याचें श्रेय मी तरी प्रथम त्या रंगाऱ्यांना देईन. ४६ दिवसांच्या पराक्रमास बक्षीस मिळालें, तें मिळावयासच पाहिजे होतें. या रंगाऱ्यांचीं नांवें मात्र कोणास ठाऊक नाहींत.

लोखंडाऐवजीं सिमेंट काँक्रीट वापरलें कीं गंजाची कटकट संपली, असा समज एके काळीं मोठमोठ्या जाणत्यांचाही होता. काँक्रीटच्या पोटांत पोलादी सळया असतात. ताज्या काँक्रीटचा गुण क्षारधर्मी. त्यामुळें सळईवर एक अति पातळ संरक्षक कवच तयार होतें आणि ती गंजत नाहीं. परंतु समुद्राचें मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षें आंत झिरपत राहातें. तें सळईपर्यंत पोंचलें कीं हें कवच फुटतें. मग गंज धरतो. आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट अधिक जागा लागत असल्यामुळें तो आंतून काँक्रीटलाच तडा देतो. त्या तड्यांतून आणखी मीठ, आणखी पाणी. गंमत अशी कीं, जो भाग सदैव पाण्याखालीं असतो तो फारसा गंजत नाहीं, कारण तेथें प्राणवायु कमी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत, आणि जेथें लाटेचे तुषार उडतात त्या भागांत, एकदां ओलें एकदां सुकें असें चालतें; तो पट्टा सर्वांत वाईट.

मायामीचा उल्लेख आलाच आहे तर त्या प्रांताची एक गोष्ट सांगतों. फ्लॉरिडाच्या टोंकाशीं बेटांची माळ आहे. पांबनच्या आधीं दोनच वर्षें, १९१२ सालीं, हेन्री फ्लॅगलर नांवाच्या धनिकानें त्या बेटांवरून, समुद्रावर पुलामागून पूल घालीत, की वेस्टपर्यंत आगगाडी नेली. २ सप्टेंबर १९३५ च्या रात्रीं तेथें भयंकर वादळ झालें. माणसांना सोडविण्यास पाठविलेल्या गाडीचे सर्व डबे लाटेनें उलथून टाकले, इंजिन तेवढें रुळांवर राहिलें. तेथेंही पूल बहुतेक शाबूत राहिले आणि वाहून गेले ते मातीचे भराव. पुढें त्याच पुलांवरून मोटारींचा रस्ता झाला. त्या रस्त्यासाठीं १९८० च्या सुमारास नवे पूल बांधले तेव्हां गंज टाळण्यासाठीं सळयांना इपॉक्सी नांवाच्या राळेचा लेप दिला होता. थोड्याच वर्षांत, १९८६ सालीं, पाण्यालगतच्या खांबांत त्या लेपाखालींच गंज सांपडला! लेपाला कोठेंतरी ओरखडा पडलेला असतो, मीठ तेवढीच वाट शोधतें.

आपल्या दाराशींही हें घडलेलें आहे. पणजीस मांडवी नदीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला. त्याला पुरीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. काँक्रीटमध्यें ताणून बसविलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेनें आंतल्या आंत खाल्ल्या गेल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्यास तो तरणाताठाच दिसे. ठाण्याच्या खाडीवरील १९७३ चा पूलही अशाच तारांच्या गंजानें आजारी पडला. त्याच्या दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि १९९७ सालीं शेजारीं दुसरा पूल उभारावा लागला. आणि महाड! २ ऑगस्ट २०१६ च्या मध्यरात्रीं सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरांत नाहींसा झाला आणि काळोखांत येणाऱ्या दोन एस्. टी. गाड्या व मोटारी पाण्यांत गेल्या. तो समुद्रावरचा पूल नव्हे आणि ती समुद्राची लाटही नव्हे, हें मला मान्य आहे. तथापि त्या पुलाची त्याच वर्षीं उन्हाळ्यांत तपासणी होऊन तो रहदारीस सुरक्षित असल्याचें ठरलें होतें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. खांब पाण्याबाहेर पाहिला म्हणजे पाया पाहिला असें होत नाहीं. पायाखालची माती वाहून गेली कीं नाहीं हें पाण्यांत उतरूनच कळतें. नवा पूल १६५ दिवसांत झाला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्याची तारीफ केली. आपल्याकडे पूल पडल्यावर बांधण्याचा उत्साह पडण्यापूर्वीं पाहण्याच्या उत्साहाहून नेहमींच दांडगा असतो.

जुन्या पुलाची प्रकृति राखण्याचे उपाय नाहींत असें नाहीं, पण त्यांत दिखाऊ असें कांहीं नाहीं. मिठानें भरलेलें काँक्रीट फोडून काढावें आणि सळई घांसून नवें भरावें. खांबाच्या भोंवतीं दगडांची रास घालून तळ धुपूं देऊं नये. लोखंडाशीं जस्ताचे तुकडे जोडून ठेवावे. जस्त आधीं झिजतें आणि तें झिजत असेपर्यंत लोखंडास गंज लागत नाहीं. हा उपाय आगबोटींच्या बुडाला फार पूर्वींपासून करीत आले आहेत. आणि वारा मोजावा. पांबनच्या जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशीं ५८ किलोमीटरांवर गेला कीं सिग्नल आपोआप तांबडा होई आणि गाडी अलीकडे थांबे. उतारू कुरकुरत, पण वादळांत पुलाचें रक्षण करतां येत नसेल तर निदान माणसाचें करतां येतें, हा धडा १९६४ नें दिलेला होता.

आतां यांत नवी भर पडली आहे ती समुद्राच्याच उंचीची. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटीमीटर चढली, आणि अलीकडे ती वर्षास साडेतीन मिलिमीटरांहून अधिक वेगानें चढत आहे. या विषयाचा अभ्यास करणारें जें आंतरराष्ट्रीय मंडळ आहे त्याच्या अंदाजानें या शतकाच्या अखेरीस ती, धूर आपण किती आंवरतों त्याप्रमाणें, एका फुटापासून तीन फुटांपर्यंत किंवा किंचित् अधिक चढलेली असेल. एक फूट म्हणजे काय मोठें, असें कोणी म्हणेल. परंतु वादळाची लाट भरतीच्या पाठीवर बसून येते. जो पूल १९१४ च्या भरतीच्या खुणेवरून बांधला, त्याची तुळई आज त्याच जागीं असूनही पाण्याच्या अधिक जवळ आलेली आहे. पूल खचला नाहीं, समुद्र वर आला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यांत उतरलें, आणि लगेच पुढच्या वर्षीं मे महिन्यांत तौक्ते किनाऱ्याला घांसून गेलें. कोंकणच्या खाड्यांवर जे लहानमोठे पूल आहेत त्यांतील किती जुन्या खुणांवरून बांधलेले आहेत, हें ज्या त्या तालुक्यांतील जाणत्या मंडळींनीं विचारण्यासारखें आहे.

पांबनचा जुना पूल २००७ सालीं रुंद रुळांचा करण्यांत आला. गाड्या अधिक जड झाल्या, खांब तेच. २०१८ च्या डिसेंबरांत उघडत्या गाळ्यांत दोष आढळून रहदारी कांहीं काळ बंद ठेवावी लागली. २३ डिसेंबर २०२२ रोजीं ती कायमची थांबली. १९६४ च्या वादळाची तारीख तिच्या आदल्याच दिवसाची. योगायोगच तो, पण ध्यानांत राहातो. पूल पडला नाहीं. त्याला थकलेला पाहून कामांतून मोकळें केलें. माझ्या वाचनांत पुलाच्या सेवानिवृत्तीचीं अशीं उदाहरणें फार थोडीं आहेत.

नवा पूल त्याच्याच शेजारीं आहे. ६ एप्रिल २०२५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पंतप्रधानांच्या हस्तें तो खुला झाला. खर्च साडेपांचशें कोटी रुपयांहून अधिक. १८.३ मीटरांचे ९९ गाळे आणि मध्यें ७२.५ मीटरांचा एक, जो दोन मनोऱ्यांच्या मध्यें विजेच्या यंत्रानें सरळ वर उचलला जातो. भारतांत समुद्रावर अशा प्रकारचा हा पहिलाच. जुन्यापेक्षां हा ३ मीटर उंच आहे, आणि वर सांगितलेलें सर्व पाहातां माझ्या मतें त्यांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. सळया न गंजणाऱ्या पोलादाच्या, सांधे रिवेटांऐवजीं वितळवून जोडलेले, वर पॉलिसिलॉक्झेन नांवाचा विशेष रंग. आयुष्य शंभर वर्षें धरलें आहे. असें असूनही २०२४ च्या नोव्हेंबरांत रेल्वे सुरक्षा आयुक्तांनीं तपासणी केली तेव्हां पूल खुला होण्यापूर्वींच गंजाची सुरुवात दिसत असल्याचें त्यांनीं आपल्या अहवालांत नमूद केलें, आराखड्याच्या मंजुरीविषयींही आक्षेप घेतले, आणि गाडीला ताशीं ७५ किलोमीटर व उचलत्या गाळ्यावर ५० एवढीच परवानगी दिली. कित्येकांना हा अहवाल अपशकुनासारखा वाटला. मला तो शुभ वाटला. पुलाच्या जन्माआधींच त्याच्या दोषांवर बोट ठेवणारा अधिकारी पांबनला मिळाला. महाडला तो मिळाला असता तर!

त्याच वर्षीं वैशाखांत आम्ही कुटुंबीय मंडळी रामेश्वरास गेलों होतों. गाडी नव्या पुलावरून सावकाश चालली होती आणि शेजारीं जुना पूल, पाण्याच्या बराच जवळ, ओळीनें उभा होता. माझा नातू खिडकीशीं बसला होता. "आजोबा, हा चांगला उभा आहे कीं! मग बंद कां केला?" असें त्यानें विचारलें. मी त्याला धनुष्कोडी या नांवाची कथा सांगितली. कोडी म्हणजे टोंक. लंकेहून परतल्यावर, आतां या सेतूवरून कोणीही येईल-जाईल, असें विभीषणानें म्हटलें, तेव्हां रामचंद्रांनीं धनुष्याच्या टोंकानें तो स्वतःच मोडला, अशी तिकडील आख्यायिका आहे. ज्यानें बांधला त्यानेंच मोडला. विदर्भांत राज्य केलेल्या वाकाटकांपैकीं दुसऱ्या प्रवरसेनानें पांचव्या शतकांत आपल्या महाराष्ट्री प्राकृतांत "सेतुबंध" नांवाचें काव्य रचलें. सेतु बांधण्यावर काव्यें आहेत, तो राखण्यावर माझ्या माहितींत एकही नाहीं. हें मी नातवाला सांगितलें नाहीं. तो तोंपर्यंत खांब मोजण्यांत गुंतला होता.

धनुष्कोडीस आतां मोटार जाते. पडक्या देवळाच्या भिंती, स्टेशनाचे कांहीं अवशेष आणि दोन्हीं बाजूंस समुद्र. परत येतांना सुनेनें घरच्या पितळी डबीसाठीं थोडी नवी वाळू घेतली. पांबनला गाडी पुन्हां थांबली. वारा सुटला होता आणि पुलावर सिग्नल तांबडा होता. डब्यांतील एक गृहस्थ घड्याळ पाहूं लागले. आम्ही पाऊण तास तेथें बसून राहिलों.